मुक्या पट्टीच्या चाली

फोटोतलं अक्षर माझं होतं. लांबूनच ओळखलं मी ते.

मी एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमच्या संगीताच्या बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेत, आणि गळा चांगला आहे. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या छापील पानांची चळत घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. कोल्हापुरातले एक निवृत्त प्राध्यापक जिल्ह्यातल्या बायकांच्या भजनांच्या चालींचं पुस्तक काढत होते. प्रत्येक चाल सा-रे-ग-म करून लिहिलेली, आणि त्यातल्या निवडक चाली आमच्या बाईंच्या आवाजात रेकॉर्ड होणार होत्या. त्यातल्या एका पानावर जुन्या अर्जाचा फोटो छापला होता. महिला भजन स्पर्धेचा प्रवेश अर्ज. मंडळाचं गाव उचगाव. खाली अकरा अभंगांची यादी, आणि 'चालीचे कर्ते' या रकान्यात निळ्या शाईनं एकच शब्द : पारंपरिक.

बाई म्हणाल्या, बघा हो, किती वळणदार अक्षर आहे कुणाचं तरी. अर्धा डबा तसाच झाकला. पुढचा तास नववीवर होता, त्यात मी काय शिकवलं ते आज विचाराल तर सांगता यायचं नाही.

उचगावातल्या आमच्या गल्लीत कॉलेजला गेलेली पहिली मुलगी मी. हे मी मिरवूनच सांगते. वडील फौंड्रीत होते, आई दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायची. घरात कागद आला की तो घेऊन वडील मास्तरांच्या दारात उभे राहायचे. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेले आणि ते थांबलं. उलट गल्लीचेच कागद माझ्याकडे यायला लागले. दवाखान्याचे, रेशनचे, पोरांच्या दाखल्यांचे. आणि बायकांच्या भजनी मंडळाची वही.

भजनाच्या वहीत एक पद्धत असते. प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर त्याची चाल लिहायची. अमक्या सिनेमातल्या गाण्यासारखी, तमक्या बुवांची, गाणारीला चटकन आठवावी म्हणून. आमच्या वहीत अकरा अभंगांवर ती जागा मोकळी होती. त्या चाली कुठून उचललेल्या नव्हत्या. त्या आक्कांनी लावल्या होत्या.

आक्का म्हणजे पेटीवाल्या आक्का. गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायच्या, नवरा वर्कशॉपमध्ये. माहेर सीमेपलीकडचं, कन्नड बोलणारं. त्यांचे वडील गावातल्या नाटकांत पेटी वाजवायचे आणि ही मुलगी मांडीशी बसून बघायची, एवढंच त्यांचं शिक्षण. शाळेत गेल्याच नाहीत. दिवसभर घरचं बघायच्या, आणि गुरुवारी संध्याकाळी देवळात पेटीसमोर बसल्या की बाई बदलायची. एरवी मान खाली घालून बोलणारी, तिथं मात्र कुणाची चूक खपवून घ्यायची नाही. पाच बायका टाळ घेऊन, एक गाणारी, पखवाजावर एक मामा, आणि मध्ये आक्का.

स्पर्धेचा अर्ज आला तो मी देवळाच्या पायरीवर बसून भरला. सगळ्या जणी भोवती उभ्या. गावाचं नाव, मंडळाचं नाव, सगळं झोकात लिहिलं. त्या रकान्यापाशी आले आणि विचारलं, चाल कुणाची लिहू? आक्का पेटी फडक्यात बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लिही की, आमचीच हाय."

'माझी' असं त्या म्हणाल्या नाहीत. मंडळात 'मी' म्हणायची रीत नव्हती. म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी नळावर तेवढाच विषय झाला असता. आणि रकान्यात 'आमचीच' लिहिणं मला अडाणीपणाचं वाटलं. त्याहून खरं सांगायचं तर, कर्ता म्हणजे कुणी मोठा माणूस, गाण्याच्या परीक्षा दिलेला, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. अंगठा उठवणारी बाई कर्ती कशी होईल? कॉलेजच्या पुस्तकात लोकगीतांच्या खाली 'पारंपरिक' हा शब्द मी नुकताच वाचला होता. शब्द वजनदार होता. लिहून टाकला, आणि आपल्याला केवढं कळतं म्हणून खूशही झाले.

अभंगाच्या शेवटच्या चरणात संताचं नाव येतं. गाणाऱ्याला ते घेतल्याशिवाय उठताच येत नाही. चालीला तशी सोय नाही. तिच्या कर्त्याचं नाव लिहिलं तर आहे, नाही तर गेलं. आणि इथं लिहिणारी मी होते.

स्पर्धेत मंडळाला दुसरा नंबर मिळाला. वर्षभरानं आक्का उचगाव सोडून गेल्या, मंडळही हळूहळू मोडलं. मला नोकरी लागली, लग्न झालं, मी शहरात आले. तीस वर्षांत ह्या गोष्टीची आठवण मला एकदाही झाली नव्हती. आता मात्र ती जाईना. भाजी चिरताना, पेपर तपासताना, स्कूटरवर सिग्नलला थांबलं तरी तो रकाना डोळ्यांपुढे. दोन दिवस असे काढले आणि तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट प्राध्यापकांचं घर गाठलं.

त्यांनी ऐकून घेतलं. माणूस चांगला, पण बोलायला फटकळ. कोल्हापुरात त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

"अर्ज तुम्हीच लिहिलाय म्हणता," ते म्हणाले. "मग खोटं तेव्हा लिहिलं, का आत्ता सांगताय?"

"तेव्हा," मी म्हणाले. "पण खोटं म्हणून नाही लिहिलं. अक्कल कमी होती म्हणून लिहिलं."

ते थोडे हसले. म्हणाले, मॅडम, रोज एक माणूस येऊन सांगतो की ही चाल आमच्या आजोबांची. आठवणीवर पुस्तक काढता येत नाही. पंधरा दिवसांत पानं छपाईला जातील. आठवण सोडून दुसरं काही असेल तर आणा. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, नाव काय त्यांचं?

"पेटीवाल्या आक्का."

"नाव, मॅडम."

मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी सांगते, कान तापले माझे. ज्या बाईचं नाव मी पुस्तकात घाला म्हणून भांडायला आले होते, तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. चहा आला होता, तो न पिताच मी उठले.

दुसऱ्या दिवशी उचगावला गेले. माहेर आता तिथं उरलेलं नाही, भाऊ पुण्याला असतो, त्यामुळे जाणं होत नाही. पखवाजवाले मामा दारात खुर्ची टाकून बसले होते. फौंड्रीतून सुटून त्यांना बरीच वर्षं झाली. मला ओळखलं की नाही, कळेना.

"काय पावणं," ते म्हणाले, "वाट चुकला काय?"

ओळखलं होतं. मी खालमानेनं जोत्यावर बसले. आक्कांचा विषय काढला तसे ते खुर्चीत सावरून बसले. सांगायला लागले, ती बाई चाल शिकवताना मात्रा कन्नडमध्ये मोजायची. "ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु. पैल्यांदा मला वाटलं, शिव्याच देतीया. म्हटलं, चुकलं आसंल माझं कायतरी. गप वाजवत ऱ्हायलो."

मग ते पेटीवर आले. पुरुषांच्या मंडळानं नवी पेटी आणली तेव्हा उतरलेली जुनी बायकांना दिली, हे मला अंधूक आठवत होतं. त्या पेटीची एक पट्टी मुकी होती, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. दाबली की सूर नाही, नुसती हवा जायची. मिरजेला नेली असती तर दुरुस्त झाली असती. पण न्यायची कुणी? बायकांच्या भजनाला एवढी पेटी बास, असं ठरलेलं.

"मग वाजवायच्या कशा?"

"तिला चुकवून. गाडीवाला खड्डा चुकवतो तसं. सगळ्या चाली आशा लावल्या बाईनं की त्या पट्टीवर बोटच जाऊ ने. आमच्या गाण्याचा सा ठरल्याला, चौथ्या काळ्या पट्टीवर, काळी चार. सूर बदलायचा सवाल न्हाई. तवा ती मुकी पट्टी तिनं सगळ्याच चालींतनं काढून टाकली."

हे ऐकून मी उभीच राहिले. परंपरेला कुठल्या देवळातल्या पेटीची कुठली पट्टी मुकी आहे हे माहीत नसतं. अकराच्या अकरा चाली एकच सूर टाळत असतील, तर त्या त्याच पेटीवर झाल्या, आणि ती पेटी वाजवणारी एकच होती. मी मामांना विचारलं, आक्कांचं नाव काय हो? त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, वाजवायला बसल्यावर नाव कोण विचारतंय? तू आपली गाणारणीकडं जा, ती कबनूरला ल्येकाकडं आसती.

कबनूरला गेले ती पुढच्या सुट्टीला. गाणाऱ्या काकूंच्या मुलाचे कापडाचे लूम घरालाच लागून आहेत. आत बसलं तरी भिंत खटखटत असते, आणि त्या घरात सगळेच जण ओरडून बोलतात. काकू सत्तरी ओलांडून गेलेल्या, गुडघे गेलेले, जीभ तशीच.

"इतकी वर्सं कुठं हुतीस गं? पुस्तकात येनार म्हटल्यावर आठवन झाली व्हय?"

मी म्हणाले, व्हय काकू, तेव्हाच झाली. खोटं बोलून उपयोग नव्हता. त्यांना ते बरं वाटलं असावं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मोबाईल समोर ठेवून मी गायला सांगितलं तर आधी नको नको म्हणाल्या, आता कसला गळा आणि कसलं काय. मग लूमच्या ठेक्यातच धरलं. अकरापैकी सात चाली त्यांना पुऱ्या आठवत होत्या. दोन अर्ध्या. मधेच थांबून म्हणायच्या, हितं आक्का डोळं वटारायची माझ्यावर, मी लांबवायची म्हणून. मला वाटायचं काकूच मंडळाच्या पुढारी, कारण आवाज त्यांचा ऐकू यायचा. त्या म्हणाल्या, मी काय, तिनं सांगितलं तसं म्हटलं. जाताना विचारलं, "आमची बी नावं घालतील का त्यात? का नुसतं तिचं?" मी म्हणाले, विचारते. आक्कांचं नाव त्यांनाही येत नव्हतं, पण पत्ता माहीत होता. पेठ वडगाव, बाजाराच्या मागं, थोरल्या मुलाकडे.

मी आधी वडगावला जायला हवं होतं. ते केलं नाही. खरं कारण हे, की आक्कांपुढं रिकाम्या हातानं उभी राहायची माझी हिंमत नव्हती. प्राध्यापकांकडून होकार घेऊन जावं, सगळं जुळवून आणलंय असं दाखवावं, म्हणजे ते जुनं लिखाण झाकलं जाईल, असा माझा हिशेब.

प्राध्यापकांनी मुक्या पट्टीची गोष्ट ऐकली आणि पहिल्यांदाच मला बसा म्हणाले. काळी चारचा सा धरून ती पट्टी म्हणजे धैवत येते, असं मामांनी निघताना देवळातल्या नव्या पेटीवर बोट ठेवून दाखवलं होतं, ते मी सांगितलं. त्यांनी आपली पानं काढली. त्यांच्याकडे त्या स्पर्धेची कॅसेट होती, चाली त्यांनी त्यावरूनच लिहून काढल्या होत्या. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवरून फिरवत गेले. पहिल्या चालीत ध नाही. दुसरीत नाही. सातवीपर्यंत आले तेव्हा चष्मा काढून पुसला. दहा चालींत धैवत नव्हता.

अकरावीत होता.

आणि ती अकरावी म्हणजे सगळ्यांत गाजलेली. आमच्या संगीताच्या बाई रेकॉर्डिंगची सुरुवात तिच्यानंच करणार होत्या. मी लहान असताना आई चुलीपुढं तीच गुणगुणायची. ध्रुपदाच्या, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीच्या, शेवटी आवाज वर चढतो आणि एका सुरावर नुसता उभा राहतो. तो सूर नेमका धैवत.

"तुमच्याच पुराव्यानं ही त्यांची नाही," प्राध्यापक म्हणाले. आवाजात खवचटपणा नव्हता, तेच जास्त लागलं. दहा चाली त्यांच्या नावावर घालतो, नाव तेवढं आणा. ही पारंपरिक राहू दे. मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाले, शिवाय कॅसेट इथं खराबच आहे, पेटीचा आवाज मधेच जातो. समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं : पेटीपुढचा माईक सैल असावा.

दहा मिळाल्या होत्या. कुणीही समाधान मानलं असतं. मी घरी आले आणि कपाटं आवरायला काढली, ती अर्धी आवरून तशीच सोडली. नवरा म्हणाला, एक गेली तर गेली. मी त्याला सांगू शकले नाही की ती एक नसेल तर मला बाकीच्या दहांचाही आनंद होत नाही. आणि दुसरी भीती अशी, की आक्का म्हणतील, नाहीच माझी ती. मग मी तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं एका चालीपुरतं का होईना खरं ठरेल. ते खरं ठरावं असं मला आत कुठंतरी वाटतंय का, हेही मी स्वतःला विचारत होते.

वडगावला पोचले तर बाजाराचा दिवस. गाड्या, बैलं, भाजीची पोती, घर सापडायला तास गेला. आक्का पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक झालेल्या, केस पांढरे, पण बोटं तशीच लांब. मी ओळख सांगायच्या आधीच म्हणाल्या, "तू ती फारम भरनारी न्हवं?"

पुस्तकाचं सांगितलं. त्यांनी नुसतं हूं केलं आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मीही फोडायला लागले. पेटीचं विचारलं तर म्हणाल्या, पेटी देवळात ठेवून आलो, आमची कुठं हुती ती. एवढंच. शेवटी मी विचारलं की ती एक चाल तुमची का? कुठली म्हणाल्या. मला गाता येत नाही, तरी मी म्हणून दाखवलं. ध्रुपदाच्या शेवटी, आवाज वर जातो तिथं, त्यांनी टरफल धरलेला हात उचलला.

"हितं पेटी न्हाई."

"म्हणजे?"

"पट्टी मुकी हुती न्हवं. पन त्यो सूर तर पायजेच हुता मला. बाकी सगळीकडं सोडला. ह्या चालीत सोडवंना. मग हितं पेटी गप्प, पखवाज बी गप्प. गाणारणीनं एकटीनं म्हनायचं. गळ्यातली पट्टी कुठं मुकी हाय?"

मी तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला. म्हटलं, कॅसेट लावा, ती अकरावी, आणि पेटी कुठं कुठं जाते ते मोजा. ते कुरकुरले, मग लावली. फोनमध्ये आधी खरखर, मग टाळ, मग काकूंचा तरुण आवाज. आक्का मान वाकडी करून ऐकत होत्या. त्यांचं तोंड हललं, मात्रा मोजत असाव्यात. ध्रुपद पाच वेळा आलं. पाचही वेळा त्याच जागी पेटी थांबली, पखवाज थांबला, एक आवाज एकटा उभा राहिला, आणि पुढच्या समेवर सगळे परत आले.

मग प्राध्यापक म्हणाले, "सैल माईक तालात बंद पडत नाही." आणि जरा थांबून, "मी इतक्यांदा ऐकलं, आणि मला दुरुस्त करावं वाटलं."

मी फोन ठेवला. मी आनंदानं काहीतरी बोलत होते. आक्का म्हणाल्या, तिसऱ्या वेळी पखवाजवाला घाईनं आला. तेवढंच.

आता सांगायलाच हवं होतं. मी म्हणाले, "आक्का, त्या फॉर्मवर पारंपरिक मी लिहिलं. तुम्ही आमचीच म्हणाला होता."

"ठाऊक हाय की. भोंग्यावर वाचून दावलं न्हाई का त्यानं, गायच्या आदी."

मी स्पर्धेला गेले नव्हते, त्यामुळे हे मला कधी सुचलंच नव्हतं. स्टेजवरून निवेदकानं मंडळाचं नाव, गावाचं नाव आणि रकान्यातला तो शब्द मोठ्यानं वाचला होता. आक्का पेटीपुढं बसून ऐकत होत्या. त्यानंतर लगेच वाजवायला सुरुवात केली होती.

"मग मला बोलला का नाही तुम्ही?"

"काय बोलायचं? तू कालेजची पोरगी. मला वाटलं, बायकांनी लावलेल्या चालीला लिहिताना तसंच म्हनत आसतील."

त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पाया पडले असते, रडले असते. त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की मला शेंगा फोडत राहण्याखेरीज दुसरं काही करता आलं नाही.

मग नावाची गोष्ट निघाली. सून आतून कागद घेऊन आली. सगळीकडे एकच नाव, सासरचं, लग्नात बदललेलं. आक्कांनी ते लिहू दिलं नाही. त्यांनी दुसरं नाव सांगितलं, माहेरचं, पुढं वडिलांचं नाव आणि आडनाव. सून चकित झाली. म्हणाली, अशा नावाचा एक कागद न्हाई घरात, उद्या कुणी विचारलं तर काय दाखवायचं? आक्का म्हणाल्या, "मला दाखला न्हाई काढायचा. पेटी जिनं शिकली तिचं नाव लिही." गाणारीचं आणि पखवाजवाल्याचंही घालायचं, नाही तर माझंही नको, असं बजावलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. पुस्तकात हाय तेवढं बास, तुझ्या लिखाणात माझं घर आणू नको, असं त्यांनी मला सांगितलंय. घर थोडंसं आलंच. नाव तरी येऊ देत नाही.

पुस्तक निघालं. अकरा चालींवर ते नाव आहे, खाली काकूंचं आणि मामांचं. कबनूरला काकूंच्या मुलानं ते पान फोनमध्ये घेऊन सगळ्या लूमवाल्यांना पाठवलं. संगीताच्या बाईंनी रेकॉर्डिंगला पेटीवाल्याला त्या जागी हात उचलायला लावला. तो म्हणाला, लोकांना वाटेल मी चुकलो. बाई म्हणाल्या, वाटू दे.

पाच प्रती घेऊन मी गुरुवारी उचगावच्या देवळात गेले. तिथं आता नव्या बायकांचं मंडळ आहे, त्या चाली त्या अजून गातात. पान उघडून दिलं. एकीनं मोठ्यानं नाव वाचलं, दुसरीनं विचारलं, ही कुठली बाई? आपल्या गावची न्हाई दिसत. तिसरी म्हणाली, आडनावावरनं तिकडली वाटती, सीमेकडली. चाली आमच्या आणि नाव हिचं कसं काय लागलं म्हणून कुजबुज सुरू झाली. एक जण तर सरळ म्हणाली, मॅडम, आमच्या गावच्या परंपरेवर कुणीतरी नाव लावलंय, तुम्ही शिकल्याली मान्सं, तुमी बघायला पायजे हुतं.

कोपऱ्यात एक म्हातारी टाळ पुसत होती. आमच्याच गल्लीतली. तिला मी म्हणाले, मावशी, पेटीवाल्या आक्का आठवतात का?

"न आठवायला काय झालं? माझ्याच दाराम्होरनं जायची." मग पुस्तकाकडं बघून, "ही ती व्हय? मग तसं लिहायचं न्हाई का? ह्या नावानं कुनाला कळनार हाय?"

आक्कांना हवं ते नाव छापलं तर गावाला त्या कळत नाहीत, आणि गावाला कळेल ते छापलं तर ते त्यांचं नावच नव्हे. भजनाची वेळ झाली होती. पेटीवरची मुलगी भाता हलवून वाट बघत होती, माझ्याकडे बघून जरा वैतागलीही होती. मी चपला पायरीवर काढलेल्याच होत्या. आत गेले, सतरंजीवर बसले, आणि म्हणाले, पाच मिनिटं द्या, ही बाई कोण ते सांगते. पाचावर भागणार नाही, हे मला माहीत होतं. पेटीवरच्या मुलीनं भात्यावरचा हात काढला नाही.